रेषेच्या वर कोण?

चळतबाईंच्या नाकावर राग असतो, असं इस्पितळात सगळे म्हणत. ते चूक होतं. नाकावरचा राग येतो तसा जातो. चळतबाईंचा राग घरच्या माणसासारखा होता. सकाळी त्यांच्याबरोबर उठायचा, त्यांच्याबरोबर बसमध्ये चढायचा आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत यायचा. कोणी त्यांचा कप उचलला, खुर्ची पळवली, तोंडावर बोललं, तरी त्या चिडत नसत. पण एकाने करायचं आणि दुसऱ्याने निस्तरायचं हे दिसलं, की तळपायाची आग मस्तकात. आता मोठ्या इस्पितळात हे दिवसातून किती वेळा दिसतं ते तिथे नोकरी केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

इस्पितळाचे मोठे संगणक तळघरातल्या थंडगार खोलीत घोंघावत असायचे आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत बाई बसायच्या. थंडी भिंतीतून इकडे यायची, म्हणून अंगात बारा महिने स्वेटर. या संगणकांवर कोणकोणतं काम पडतं आणि कोणतं काम त्यांची किती ताकद खातं, ते मोजायचं आणि त्याचं चित्र काढून वरच्या मजल्यावर द्यायचं, ही त्यांची नोकरी. चित्र म्हणजे खांब. प्रत्येक तासाचा एक खांब, आणि प्रत्येक खांबात एकावर एक रचलेले रंगीत थर. तळाला रुग्णांच्या नोंदणीचा निळा. त्यावर बिलांचा हिरवा. त्यावर वरिष्ठांच्या अहवालांचा राखाडी, मग एक्स-रेचा जांभळा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर औषध-तपासणीचा नारिंगी. जाड थर म्हणजे जास्त काम. सगळ्या खांबांना छेदून जाणारी एक आडवी लाल रेषा असायची. खांब तिच्या वर गेला की नोंदणीच्या खिडकीवरचे संगणक अडकायचे आणि बाहेर रांगेतले लोक आतल्या मुलींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एकावर एक रचायची म्हणून चळत, आणि ती रचतात म्हणून चळतबाई. हे नाव कोणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं. बाईंना ते आवडायचं, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

या खांबांत एक गोम आहे, आणि इथेच सगळं घोडं पेंड खातं. तळाचा थर सपाट जमिनीवर उभा असतो, त्यामुळे तो वाढला की कमी झाला हे कोणालाही दिसतं. बाकीचे सगळे दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेले. मधला एखादा गुपचूप फुगला, तर वरचा बिचारा स्वतः तसूभरही न वाढता उंच चढतो आणि रेषेच्या बाहेर डोकं काढतो. बघणाऱ्याला डोकं दिसतं. फुगलेलं पोट दिसत नाही.

त्या वर्षी सकाळच्या गर्दीच्या वेळी खांब रेषेबाहेर जायला लागले. खिडकीवर रोज आरडाओरडा. एका बाईने तर आपल्या नवऱ्याची फाइल काचेवर आपटली. उपसंचालकांनी चित्र मागवलं. या उपसंचालकांना सगळे सारांशसाहेब म्हणत, कारण समोरच्याने तोंड उघडलं की ते म्हणायचे, "सारांश सांगा." कोणाची आई गेली तरी ते सारांश मागतील, असं शिपाई म्हणायचा.

बाई चित्र घेऊन वर गेल्या. साहेबांनी ते टेबलावर ठेवलं, पेनाच्या टोकाने लाल रेषा शोधली आणि तिच्या वर टोक टेकवलं.

"रेषेच्या वर कोण आहे?"

"नारिंगी आहे साहेब, पण—"

"काय आहे ते?"

"औषध-तपासणी. एका रुग्णाला दोन डॉक्टरांनी वेगवेगळी औषधं लिहिली आणि ती एकमेकांना चालत नसली, तर संगणक औषध देण्याआधी सांगतो. पण साहेब, ती वाढलेली नाही. पहिल्या दिवसापासून तेवढीच आहे. वाढलाय तो हा राखाडी. मधला. तुमचे अहवाल."

"माझे?"

"तुम्ही सगळ्यांच्या केबिनमध्ये मोठे पडदे लावलेत ना, आकडे दाखवणारे. ते पडदे दर क्षणाला संगणकाला विचारतात, आता किती, आता किती. कोणी बघत असो वा नसो. आधी महिन्याला एकदा अहवाल निघायचा, तेव्हा हा थर दोऱ्याएवढा होता."

सारांशसाहेबांनी चष्मा काढला. त्या पडद्यांचं उद्घाटन झालं होतं, फोटो निघाला होता, तो फोटो त्यांच्या मागच्या भिंतीवर होता.

"बाई, मला एवढंच दिसतंय. रेषेच्या वर नारिंगी आहे. नारिंगी काढली की खांब रेषेखाली. बरोबर?"

"बरोबर, पण—"

"मग सारांश झाला. सोमवारी सकाळपासून औषध-तपासणी बंद करा. औषधं बघायला डॉक्टर आहेत की आपल्याकडे, शिकलेले."

इथे बाईंनी शांतपणे समजावून सांगायला हवं होतं. त्यांनी नाही सांगितलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्या बोलल्या ते असं: "उद्या घरात मोठ्या माणसांनी उशा कोंबून दार लागेनासं केलं, तर तुम्ही दाराजवळ झोपलेल्या म्हातारीला बाहेर काढाल!" आवाज बाहेर शिपायापर्यंत गेला. साहेबांनी शांतपणे चष्मा पुन्हा लावला. ओरडणाऱ्या बाईचं म्हणणं खरं मानायची त्या मजल्यावर पद्धत नव्हती, आणि तपासणी बंद करायचा हुकूम संध्याकाळच्या आत खाली येऊन पोचला. बंद करायचं काम बाईंचंच होतं.

नारिंगी थर ज्यांचा, त्या गोळीताई. औषध विभागाच्या प्रमुख. बुटक्या, हळू बोलणाऱ्या, कधी कोणावर आवाज न चढवणाऱ्या. ही तपासणी त्यांनी हट्टाने करून घेतली होती. त्यांच्या वडिलांना हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली होती आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी दुखण्याची. दोन्ही डॉक्टर चांगले होते. दोन्ही गोळ्या चांगल्या होत्या. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव झाला आणि वडील गेले. मुलगी औषधांच्या दुकानात आयुष्य काढते आणि बापाच्या गोळ्या बघायला तिला वेळ झाला नाही, असं तिच्या काकांनी अंत्यविधीला सगळ्यांसमोर म्हटलं होतं. गोळीताईंनी तेव्हाही आवाज चढवला नव्हता. परत आल्या आणि तपासणीच्या मागे लागल्या.

बाई त्यांना सांगायला औषध विभागात गेल्या. खिडकीवर गर्दी होती. गोळीताईंनी ऐकून घेतलं, एका माणसाला त्याची पाकिटं दिली, नीट समजावून सांगितलं आणि मग वळल्या.

"चित्र तू काढलंस ना?"

"हो. पण आकडे खरे आहेत गं. तुझा थर वाढलेला नाही, ते मी त्यांना—"

"मग मला वर कोणी बसवलं?"

 वर बसवलं ते त्यांनीच. जे काम आधी आलं ते खाली, जे नंतर आलं ते त्याच्यावर, अशी त्यांची पद्धत. औषध-तपासणी सगळ्यांत शेवटी आली, म्हणून सगळ्यांत वर. यात कोणाचा हेतू नव्हता.

"तू शेवटी आलीस म्हणून," त्या म्हणाल्या.

"शेवटी आलेल्याला पहिलं बाहेर काढायला बरं पडतं," गोळीताई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

बाई रागावल्या. गोळीताईंवर रागावल्या, कारण त्यांना खांबांतलं काही कळत नव्हतं, आणि तरी त्या बरोबर बोलल्या होत्या. सारांशसाहेबांवर रागावल्या. घरी जाताना बसच्या वाहकावर रागावल्या आणि त्याने तर काहीच केलेलं नव्हतं. घरी पडदे शिवणारे त्यांचे यजमान मशीनवर बसले होते. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पायाखालचं मशीन थांबवलं.

"आज कोण?"

"सगळे."

"मग चहा दोघांसाठी करतो. सगळ्यांसाठी दूध नाही पुरायचं."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी पर्स आपटली आणि आतल्या खोलीत गेल्या. आत त्यांची आई पलंगावर बसून पांघरुणांच्या घड्या घालत होती. हात थरथरायचे, तरी हे काम ती कोणाला करू देत नसे. घड्या झाल्या की एकावर एक ठेवायची आणि चळत भिंतीला टेकवायची.

ती चळत बघून बाईंच्या डोक्यात जुनी सणक गेली. माहेरी भावंडं पुष्कळ आणि ट्रंक एक. रोज सकाळी सगळ्यांची पांघरुणं ट्रंकेवर रचायची. धाकटी म्हणून हिचं पांघरूण सगळ्यांत वर, आणि ते रोज घसरून खाली पडायचं. पडलं की आई ओरडायची, "भडकू, तुला एक पांघरूण धड ठेवता येत नाही!" हिला राग यायचा, कारण ही नीट ठेवायची. खरं कारण मधे होतं. दादा आपल्या पांघरुणाच्या घडीत चोरलेले बूट, चेंडू, दुसऱ्यांच्या बॅटा, काय वाटेल ते लपवायचा. मधे फुगवटा, वरचं घसरणार नाही तर काय. एक दिवस हिने दोन्ही हातांनी दादाचं पांघरूण मधूनच ओढलं. सगळी चळत कोसळली आणि त्यातून घरभर सामान गडगडलं. मार हिलाच पडला, चळत पाडली म्हणून. पण त्या दिवसानंतर हिचं पांघरूण पडलं नाही.

"आई," बाई म्हणाल्या, "दादाचे बूट आठवतात?"

"आठवतात तर," आई म्हणाली. "तू ओरडून ओरडून सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हते. तुझा आवाजच असा होता गं. कान किटायचे." मग तिने घडीवरून हात फिरवला. "आताही तसाच आहे."

बाई पलंगावर बसल्या. ओरडल्यावर कोणी ऐकत नाही हे त्यांना त्या वयातही कळलं होतं. म्हणून तर त्यांनी पांघरूण ओढलं होतं. मग एवढी वर्षं त्या नुसत्या ओरडत का राहिल्या, याचाच त्यांना राग आला, आणि हा राग आजच्या सगळ्या रागांत जास्त टिकला. यजमान चहा घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, सोमवारी मला लवकर जायचंय."

"नोकरी राहील ना?"

"बघू."

"नाही राहिली तर शिवणाला बस. तुझ्या हातची टीप कोणी उसवू शकणार नाही," ते म्हणाले आणि मशीनकडे गेले.

सोमवारी बाई इस्पितळात पोचल्या तेव्हा सफाईवाल्या मावशी जिने पुसत होत्या. बाई आधी तळघरात गेल्या. औषध-तपासणी बंद करायची ती कळ त्यांच्या समोर होती. तिला त्यांनी हात लावला नाही. मग लिफ्टने वर गेल्या आणि एकेक केबिन उघडून मोठ्या पडद्यांमागच्या छोट्या डब्यांच्या वायरी काढत सुटल्या. लेखा विभाग, प्रशासन, जनसंपर्क, वरिष्ठांचं विश्रांतीगृह. तिथेही पडदा होता, चहाच्या यंत्रावर टांगलेला. शेवटी सभागृह. तिथला पडदा सगळ्यांत मोठा, सारांशसाहेबांच्या खुर्चीच्या बरोबर मागे. तो काळा झाला तेव्हा बाईंना आपला चेहरा त्यात दिसला. स्वेटर उलटा घातला होता.

सकाळची गर्दी आली. खिडकीवरचे संगणक अडकले नाहीत. रांग हलत राहिली. बाईंनी प्रत्येक तासाचा खांब मोजला आणि फोनकडे बघत बसल्या. आपला पडदा बंद पडलाय म्हणून कोणीतरी तक्रार करेल असं त्यांना वाटत होतं. फोन वाजला नाही. एवढ्या सगळ्या केबिनमधून एकही फोन आला नाही. हे बघून त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. ज्याच्याकडे एकही माणूस वळून बघत नाही, त्याच्यासाठी रोज खिडकीवरच्या पोरी शिव्या खात होत्या.

दुपारी बैठक. संचालक मॅडम टेबलाच्या एका टोकाला, सारांशसाहेब दुसऱ्या टोकाला. मधे विभागप्रमुख, त्यांत गोळीताई खाली मान घालून. साहेब उभे राहिले. चेहरा खुललेला.

"आज सकाळी खिडकीवर एकही तक्रार नाही. मी आधीच सांगितलं होतं. औषध-तपासणी बंद केली आणि परिणाम सगळ्यांसमोर आहे. सारांश एवढाच."

कोणीतरी टेबलावर थाप मारली. गोळीताईंनी मान वर केली नाही. बाई उठल्या. ओरडायचं नाही असं त्यांनी जिन्यात स्वतःला बजावलं होतं.

"साहेब, औषध-तपासणी चालू आहे."

"काय?"

"मी ती बंद केलेली नाही. सकाळपासून चालू आहे. हा आजचा खांब." त्यांनी कागद टेबलावर सरकवला. "आणि हे मागच्या वर्षभराचे. आकडे तेच, पण थरांची जागा बदललीय. नारिंगी तळाला घेतलाय, राखाडी वर. बघा. नारिंगी पट्टी वर्षभर सरळ चाललीय, फुटपट्टीने आखल्यासारखी. आणि राखाडी बघा."

कागद हातोहात फिरला. राखाडी थर महिन्यागणिक फुगत रेषेबाहेर चालला होता, आणि आजच्या खांबात तो नव्हताच.

"हे आजचं राखाडी कुठे गेलं?" संचालक मॅडमनी विचारलं.

"सगळे मोठे पडदे सकाळपासून बंद आहेत, मॅडम. मी वायरी काढल्या."

"कोणाच्या परवानगीने?" सारांशसाहेब ओरडले. आता ओरडायची पाळी त्यांची होती. "हा काय पोरखेळ आहे? तुमच्या मर्जीने थर वर-खाली करायचे आणि वायरी काढायच्या? उद्या कोणी—"

"हा पडदाही बंद आहे?" मॅडमनी त्यांच्या डोक्यामागे बोट दाखवलं.

साहेब वळले. काळ्या काचेत बैठकीतली सगळी माणसं दिसत होती आणि त्यांच्या पुढे ते स्वतः.

"सकाळपासून," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला पाठ लावून बोलत होतात."

मग मात्र त्यांना राहवलं नाही. आवाज चढला, चढू दिला. "परवानगी विचारता? माणसं मरू नयेत म्हणून असलेली गोष्ट बंद करायला तुम्ही माझं पूर्ण वाक्य ऐकलं नाहीत. कोणीच बघत नाही ती गोष्ट बंद करायला मी परवानगीचा अर्ज करत बसू? रेषेच्या वर कोण एवढंच विचारलंत तुम्ही. त्याला वर कोणी ढकललं ते विचारायला काय झालं होतं?"

 गोळीताई आता सरळ बाईंकडे बघत होत्या.

औषध-तपासणी राहिली. पडदे तासातून एकदाच आकडे विचारतील असं ठरलं, आणि विश्रांतीगृहातला पडदा काढून तिथे घड्याळ लावलं. पण हुकूम मोडला होता, आणि हुकूम मोडणाऱ्याला तळघरातल्या मोठ्या संगणकांशेजारी बसू देत नाहीत. बाईंची बदली कपड्यांच्या कोठारात झाली. धुवून आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे अंगरखे मोजायचे आणि रचायचे. साहेबांना हे सुचलं तेव्हा ते नक्की हसले असतील. वार्षिक पत्रिकेत खिडकीचा वेग वाढवल्याबद्दल त्यांचा फोटो आला. आई भाजी निवडायला बसली तेव्हा बाईंनी ती पत्रिका तिच्यापुढे अंथरली आणि ती फोटोवर देठं टाकते का ते बघत बसल्या. आईने टाकली.

कोठारात थंडी नव्हती, उलट इस्त्रीची वाफ होती, तरी स्वेटर अंगातच. राग अंगातच. चादरींच्या चळतीत कोणी ओला टॉवेल मधे कोंबला तर बाई तो वरून न चाचपता बरोबर मधून ओढून काढायच्या आणि ज्याने कोंबला त्याला शोधून काढून धारेवर धरायच्या. धोब्यांत त्यांची दहशत बसली.

एक दिवस दुपारी गोळीताई कोठारात आल्या. पांढऱ्या कोटाच्या खिशात हात, दमलेल्या. चादरींच्या गठ्ठ्यावर टेकल्या.

"आज एक थांबवला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"एक म्हातारे आजोबा. दोन डॉक्टर, दोन गोळ्या. माझ्या बाबांच्याच. संगणक म्हणाला देऊ नका. मी दोन्ही डॉक्टरांना फोन लावले, दुसरी गोळी बदलून घेतली. वेळ लागला. त्यांची मुलगी एवढी भडकली माझ्यावर! दोन पाकिटं द्यायला एवढा उशीर, तुम्हाला पगार कशाचा मिळतो, म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवता, लाज वाटत नाही. सगळी रांग ऐकत होती."

बाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. "आणि तू ऐकून घेतलंस? सांगायचं नाहीस का तिला की—"

"ओरडू दिलं," गोळीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो फाटला. "ओरडत ओरडत वडिलांना धरून घरी घेऊन गेली गं ती."